पाच दशांश सहा

नवव्या दिवशी जळगावच्या डॉक्टरीणबाई
गुंजनच्या छातीवर थंडगार जेली लावत म्हणाल्या,
हलू नकोस हं, आत मासा आहे का बघू.

मासा नव्हता.
करड्या धुरात एक मूठ उघडत होती, मिटत होती,
आणि तिच्या काठानं जाणारी काळी नळी
मध्येच तुरीच्या दाण्याएवढी फुगलेली.
बाईंनी दोन्ही कडांना फुल्या मारल्या,
कोपऱ्यात आकडा उमटला. पाच दशांश सहा.
इंच? मी विचारलं.
त्या हसल्या नाहीत. मिलिमीटर.

मी ठिबक बसवणारा.
न्हावी, भालोद, बामणोद, सावद्यापर्यंत
सोळा एमएमच्या लॅटरलची किती बंडलं उलगडली असतील.
मिलिमीटरला मी कधी भ्यालो नव्हतो.

ताप आला तो मे महिना.
मे महिन्यात आमच्याकडे भिंतींनाही ताप असतो.
एक डॉक्टर म्हणाले उष्णता, दुसरे म्हणाले गोवर,
आई म्हणाली, पोरीले नजर लागली,
आणि मीठ-मोहऱ्या चुलीत तडतडल्या.
डोळे लाल, पण चिपडं नाहीत.
जीभ लाल, दाणेदार. पुस्तकात म्हणे तिला स्ट्रॉबेरी म्हणतात.
मला निवडुंगाचं बोंड आठवलं.
ओठ असे उलले की केळंही झोंबायला लागलं.
केळीच्या गावात पोर केळं थुंकली
तेव्हा मी मोटरसायकल काढली.

मोटरसायकलीवरून आठवलं,
बाईंनी रोगाचं नाव सांगितलं, कावासाकी,
तर मला आधी काकाची लाल गाडीच दिसली,
सव्वीस हजाराला विकलेली.
माणसाचं डोकं नको तिथं जातं.

बाईंनी कागदावर हृदय काढलं.
एवढं रक्तानं भरलेलं, पण
त्यातला थेंबही त्याला पिता येत नाही.
त्याचं पाणी बाहेरून, वर पसरलेल्या नळ्यांतून.
विहीर तुडुंब आणि काठावरचं झाड वाळतंय,
हे मला दोनदा सांगावं लागलं नाही.
नळीची भिंत सुजते, मऊ पडते, पोट काढते.
तिथं रक्त रेंगाळतं, गुठळी धरते.
मी म्हणालो, गाळ.
हो, त्या म्हणाल्या, तसंच. तुम्ही काय करता मग?
तेवढा तुकडा कापतो, जॉइनर घालतो,
अर्ध्या मिनिटाचं काम.
बोलून गेलो आणि हात खिशात घातले.

रात्रभर बाटली चालली.
दोन एकर ठिबकाची किंमत त्या बाटल्यांत.
हजारो माणसांच्या रक्तातून काढतात, नर्स म्हणाली.
ज्योत्स्ना हळूच म्हणाली, कोण कोण असतील?
मी थेंब मोजत बसलो.
ताशी चार लिटर, ताशी आठ लिटर,
मला एवढंच मोजता येतं.

ताप उतरला. मग बोटांची टोकं सोलायला लागली.
पप्पा, मी नागीण झाले!
ते पापुद्रे तिनं काडेपेटीत जपून ठेवलेत,
अजून कुणाला फेकू देत नाही.

आता सकाळी एकाच पाकिटातून दोन गोळ्या निघतात,
एक माझ्या वडिलांची, ज्यांच्या छातीत स्टेंट आहे,
दुसरी चार वर्षांच्या पोरीची, शिकरणात विरघळलेली.
आज्याची मैतरीण, वडील म्हणतात,
आणि तोंड वळवून चूळ भरतात.

निम्म्याहून जास्त मुलांत नळी आपणहून सावरते.
बाकीची कोणती, ते फिल्मवर दिसत नाही.
सहा आठवड्यांनी परत या.
खेळू द्या, फक्त तुम्ही घाबरू नका.

काल ती बोंडे अण्णांच्या मळ्यात माझ्यामागून आली.
नव्या लॅटरलवर टाच दाबून उभी राहिली
आणि शेवटच्या ड्रीपरकडे बोट दाखवलं.
बघा पप्पा, बंद!
खेळ होता. सगळी पोरं करतात, मीही केलाय.
काढ पाय, मी ओरडलो,
एवढ्या जोरात की पलीकडच्या पिलबागातले मजूर उभे राहिले.

तिनं पाय काढला. रडली.
पाणी आलं, आधी हवा थुंकत,
मग थेंब, मग
मी नाडी बघतात तसं बोट लावून तिथंच बसलो.